मला आवडलं, कारण…

(१९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडी भर घालून)



संयोजकांनी विषय दिला होता ‘शाळेनंतरची वर्षं’. सकाळपासून बऱ्याच जणांनी आपापल्या वर्षांचा हिशेब मांडला. कुणी कारखाना काढला, कुणी शेतात ठिबक आणलं, कुणी तीन देश फिरून पुन्हा वाईला परत आलं. माझा हिशेब तसा चारचौघींसारखा आहे. बारावी, पुण्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं, मग सॉफ्टवेअरची नोकरी, ती अजून चालू आहे. त्यात सांगण्यासारखं फार नाही. म्हणून त्या चार वर्षांतली एकच गोष्ट घेते. आवड, मत आणि शिकणं या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखायच्या, एवढीच.

हा विषय सुचला तो माझ्या भाचीमुळे. ती आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात तिला ऐच्छिक विषय निवडायचा आहे. घरचे म्हणतात एआय घे, मैत्रिणी म्हणतात एआय घे, शेजारचे काकासुद्धा, ज्यांना मोबाइलवर फोटो पाठवायला मदत लागते, तेही म्हणतात एआय घे. तिने मला मध्यरात्री मेसेज केला, ‘मावशी, मला नक्की काय आवडतं हे मला कळतच नाहीये. तुला कसं कळलं होतं?’ मी रात्री उत्तर दिलं नाही. सकाळी चहा घेताना विचार करायला लागले तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही, आणि त्याचं अर्धं उत्तर आपल्या या शाळेत आहे.

शाळेत असताना आपल्याला आवडीनिवडीचा फार विचार करावा लागला नाही. आपल्या दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि एप्रिलमध्ये शारजा झालं. २२ एप्रिलला सचिनचे १४३, २४ एप्रिलला, त्याच्या वाढदिवशी, १३४. त्या आठवड्यात कुणी कुणाला ‘तुला सचिन का आवडतो?’ असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही. घरात जे रेडिओवर लागायचं ते गाणं, आई करायची ती आमटी, वाडीतली मुलं खेळायची तो खेळ. आवड ही घराच्या पत्त्यासारखी होती. ती आपण निवडलेली नव्हती, पण आपलीच होती.

कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा कळतं, की आवड ही दाखवायचीही गोष्ट असते. मी २००० साली प्रवेश घेतला. त्याच वर्षी १२ जूनला पु. ल. गेले. आमच्या वसतिगृहात मराठी मुली बऱ्याच होत्या आणि पहिल्या महिन्यातच दोन गट पडले. एका गटाला पु. ल. पाठ होते. दुसऱ्या गटाचं म्हणणं, हे सगळं हलकंफुलकं झालं, खरं वाचायचं असेल तर ‘कोसला’ वाचा. गंमत अशी, की कोण कुठल्या गटात जाणार हे तिने काय वाचलंय यापेक्षा ती कुणाशेजारी जेवायला बसते यावरून जास्त खात्रीनं सांगता यायचं. ‘कोसला’ची वसतिगृहात एकच प्रत होती, आणि तिच्याबद्दल मत असलेल्या मुली पंचवीस तरी असतील.

ती प्रत माझ्या हाती आली. भालचंद्र नेमाडेंची ही कादंबरी १९६३ मध्ये आलेली. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा नायक. सुरुवातीला मला ती अंगावर आली, कारण शाळेत वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात माणूस असा बोलत नव्हता. पण त्यातली मेस, वसतिगृह, गॅदरिंगचे उद्योग वाचताना वाटायला लागलं, अरे, हे तर आपल्याच जिन्याखाली चाललंय. पुढे त्याच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो. ते वाचून झाल्यावर मी दोन दिवस कुणाशी त्या पुस्तकाबद्दल बोलले नाही. आणि तरीही पु. ल. माझे आवडते होते ते तसेच राहिले. दोन्ही गटांना हे पटेना. त्यांना एकच उत्तर हवं होतं. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की पुस्तक वाचून जे होतं ते एक, आणि पुस्तकाबद्दल जे बोललं जातं ते दुसरं.

आता यातलं शास्त्र थोडं सांगते, कारण मी शेवटी इंजिनिअर आहे आणि आकडे दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका पत्त्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा. यातली कुठली रेघ पहिलीइतकी लांब आहे, एवढंच सांगायचं. बालवाडीतलं मूलही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याला सामील होते आणि ते ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर देत. खऱ्या विद्यार्थ्याची पाळी शेवटी शेवटी यायची. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश वेळा तो डोळ्यांना दिसतंय ते सोडून बाकीच्यांचं उत्तर द्यायचा. चारातले तीन विद्यार्थी एकदा तरी असे वाकले. रेघेच्या लांबीबद्दल जर ही अवस्था, तर पुस्तक, गाणं आणि करिअर यांबद्दल काय बोलावं?

पण या प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. ॲशने नंतर त्या खोलीत एक साथीदार असा बसवला, जो खरं उत्तर द्यायचा. फक्त एक. तेवढ्यानं वाकण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. म्हणजे आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला सगळी खोली आपल्या बाजूची लागत नाही, एक माणूस पुरतो. शाळेत आपल्यापैकी प्रत्येकाला असा एक तरी बाकावरचा सोबती होता. पंचवीस वर्षांनी आपण इथे का जमलो, याचं एक कारण मला हे वाटतं.

दुसरा प्रयोग अलीकडचा, आणि माझ्या धंद्याच्या जवळचा. २००६ मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यांनी एक संकेतस्थळ तयार केलं आणि त्यावर अनोळखी बँडांची ४८ गाणी ठेवली. १४,३४१ जण आले. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं, आणि आपल्या गटातल्या किती जणांनी कुठलं गाणं उतरवून घेतलं हा आकडाही त्यांना दिसे. गाणी तीच. तरीही आठ गटांत आठ वेगळ्या याद्या तयार झाल्या. एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं नशीब मात्र सुरुवातीच्या काही लोकांनी काय उचललं यावर ठरलं.

एआय घे, एआय घे म्हणणाऱ्यांची रांग आठवा. मी एआय वाईट असं म्हणत नाही, माझ्या कामात ते रोज आहे. एवढंच म्हणते, की त्या रांगेतल्या प्रत्येकाने विषय तपासून मत दिलं असेल असं नाही. बऱ्याच जणांनी आकडा पाहिला असेल.

मग आपली अशी आवड तयार होते कशी? माझ्या वसतिगृहाच्या खोलीतली मैत्रीण मिरजेची होती. मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांचं गाव, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले ते गाव. तिच्या टेपरेकॉर्डरवर रोज सकाळी तोडी लागायची. मला शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिले काही आठवडे ते गाणं माझ्यासाठी बाथरूमच्या रांगेइतकंच सकाळचा भाग होतं. ती मला कधीच ‘आवडलं का?’ असं विचारायची नाही. ती विचारायची, ‘आत्ता काय झालं?’ मी म्हणायचे, आवाज वर गेला. ‘सरळ गेला का?’ नाही, मध्ये कुठेतरी थांबून खाली आला. ‘कुठे थांबला?’ असं चालायचं.

दोनेक महिन्यांनी एके दिवशी मी तिला म्हटलं, आज काहीतरी कमी आहे. ती हसली. त्या दिवशी तिने मियाँ की तोडीऐवजी गुजरी तोडी लावली होती. दोन्हींत रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. फरक पंचमाचा. मियाँ की तोडीत तो जपून का होईना, येतो. गुजरीत तो नसतोच. मला पंचम म्हणजे काय हे तेव्हा नावानं माहीत नव्हतं. पण तो नाही, हे कानाला कळलं होतं. त्या दिवसापासून मला तोडी आवडते. आणि कुणी विचारलं, तर मी त्याचं कारणही सांगू शकते.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं होतं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला अधिक आवडू लागते. अनोळखी भाषेतले शब्दसुद्धा. आपल्या गावातलं याचं उदाहरण सांगू? २००४ च्या डिसेंबरात ‘स्वदेस’ आला. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. आपल्याकडे मात्र तो आवडला नाही असं म्हणणारा माणूस मला भेटला नाही, कारण पडद्यावर मेणवलीचा घाट होता. पुढे वर्षांमागून वर्षं टीव्हीवर लागत राहिला आणि देशभर लोकांचा लाडका झाला. सिनेमा तोच. ओळख वाढली.

पण ओळखीनं आलेली आवड आणि कान तयार होऊन आलेली आवड यांत फरक आहे. पहिलीला वेळ पुरतो. दुसरीला वेळेबरोबर ‘आत्ता काय झालं?’ हा प्रश्न लागतो. डिसेंबरात ती मला रमणबागेत ‘सवाई’ला घेऊन गेली. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव. मंडपात भारतीय बैठकीवर शाली गुंडाळून बसलेले लोक, मागे चहाच्या टपरीवर रागाच्या वेळेवरून हमरीतुमरीवर आलेले दोन आजोबा. त्या दोघांच्या भांडणातला एक शब्दसुद्धा मला तीन महिन्यांपूर्वी समजला नसता. आता निम्मा समजत होता. शिकणं म्हणजे मला वाटतं हेच, काल जिथे नुसता आवाज होता तिथे आज तपशील ऐकू येणं.

आवडीचं झालं. आता मताकडे येते. इथे मी वर्गातलं उदाहरण देते आणि संगणकाशी ज्यांचा संबंध नाही त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्यावं.

पहिल्या वर्षाला आम्हाला सी भाषा शिकवायचे. प्रॅक्टिकलला पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘गोटू’ वापरायचं नाही. गोटू म्हणजे प्रोग्रामला ‘इथून उठून थेट अमुक ओळीवर जा’ असं सांगणारी आज्ञा. का वापरायचं नाही? वाईट असतं म्हणून. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा आणि उत्तरही हमखास हेच द्यायचं. आपल्याकडे रात्री नखं कापू नयेत म्हणतात, तसं.

ग्रंथालयात संदर्भ शोधताना कळलं, की या मताला जन्मतारीख आहे. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने मार्च १९६८ मध्ये एक छोटं पत्र प्रसिद्ध केलं. ‘गोटू घातक आहे’ अशा अर्थाचं त्याचं गाजलेलं शीर्षक त्याने दिलेलंच नव्हतं. त्याचं शीर्षक साधं होतं, संपादक निकलाउस विर्ट याने ते बदललं. आत त्याने कारण दिलं होतं. आपण प्रोग्राम वाचतो तो कागदावर, वरून खाली. तो चालतो मात्र वेळेत. या दोन्हींची संगत लागली तरच वाचणाऱ्याला कळतं, की आत्ता काम कुठपर्यंत आलंय. उड्या वाढल्या की ही संगत तुटते.

कारण कळल्याबरोबर एक चमत्कार होतो, अपवादही कळतात. १९७४ मध्ये डोनाल्ड क्नूथने एक दीर्घ लेख लिहून दाखवलं, की काही ठिकाणी गोटू वापरणंच स्वच्छ ठरतं. आज जगातले असंख्य संगणक आणि सगळे अँड्रॉइड फोन ज्या लिनक्सवर चालतात, त्याच्या गाभ्यात गोटू राजरोस आहे. काम अर्ध्यात फसलं, तर घेतलेली सगळी साधनं उलट्या क्रमानं परत करून बाहेर पडण्यासाठी तो वापरतात. ज्याला फक्त ‘गोटू वाईट’ एवढंच पाठ आहे तो हे पाहून एकतर हादरेल, नाहीतर डाइक्स्ट्राला खोटं ठरवेल. ज्याला कारण माहीत आहे तो म्हणेल, बरोबर आहे, इथे वाचणाऱ्याची संगत तुटत नाही.

माझ्या रोजच्या कामात एकमेकांचा प्रोग्राम तपासण्याची पद्धत असते. कुणीही लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून शेरे दिल्याशिवाय पुढे जात नाही. तिथे ‘हे मला आवडलं नाही’ हा शेरा चालत नाही. नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात तीन कप्पे सांगते. कंस ओळीच्या शेवटी की पुढच्या ओळीवर, ही आवड. त्यावर वाद घालायचा नाही, एकदा मिळून ठरवायचं आणि यंत्राकडून तसं करून घ्यायचं. अमुक रचना तमुकपेक्षा समजायला सोपी आहे, हे मत. त्याला कारण द्यायचं, आणि समोरच्याचं कारण सरस असेल तर त्याचं घ्यायचं. अमुक पद्धत जास्त वेगवान आहे, ही ना आवड ना मत. घड्याळ लावायचं आणि मोजायचं. ऑफिसातली निम्मी भांडणं एका कप्प्यातली गोष्ट दुसऱ्या कप्प्यात गेल्यामुळे होतात. घरातलीही. फोडणीत गूळ घालावा का, ही आवड आहे. तिच्यासाठी कुणी कुणाला अडाणी ठरवू नये. लस द्यावी का, हे आवडीचं प्रकरण नाही. तिथे ‘मला नाही पटत’ एवढं पुरत नाही.

हे कप्पे मी कुठल्या पुस्तकात वाचले नाहीत. ते मला इथे मिळाले. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना कदाचित आठवणारही नाही. नववीत कवितेच्या रसग्रहणात आपण सगळे ‘ही कविता फार सुंदर आहे, मनाला भिडते’ असं लिहायचो. बाई ‘सुंदर’ला लाल गोल करायच्या आणि समासात लिहायच्या, ‘कुठे?’ एवढंच. मनीषा जाधवांची वही काय आणि माझी वही काय, लाल गोलांनी भरलेली असायची. मग आपण ओळ शोधून लिहायला लागलो, इथे. त्यावर पुढचा शेरा, ‘का?’ मिरजेच्या मैत्रिणीचं ‘आत्ता काय झालं?’ आणि बाईंचं ‘कुठे?’ हे एकाच घराण्यातले प्रश्न आहेत. आधी पाहा, मग सांगा, मग ठरवा.

आणि हे सगळं मराठीत झालं, याचंही मला महत्त्व वाटतं. कॉलेजात पहिल्या सत्रात आपल्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींची काय अवस्था होते हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. डोक्यात प्रश्न तयार असतो आणि तो इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या धड्यावर गेलेले असतात. शंभर मुलांच्या वर्गात गप्प राहणाऱ्याला मत नाही असं समजलं जातं. पण मी माझ्याभोवती जे पाहिलं ते असं, ज्यांना कुठल्यातरी एका भाषेत कारणासकट बोलायची सवय होती, त्यांना वर्षभरात इंग्रजीतही ते यायला लागलं. शब्द बदलायचे होते, विचाराची वाट तयार होती. ज्यांच्याकडे नुसतं इंग्रजी होतं, त्यांना ती वाट नव्याने पाडावी लागली.

आपल्या गावाचं हे वैशिष्ट्यच आहे. आपण सायकलवरून ज्या विश्वकोशाच्या कार्यालयासमोरून जायचो, तिथे मराठीत जगभराचं ज्ञान आणायचं काम चाललं होतं. पहिला खंड १९७६ चा. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावच्या प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीनं शास्त्र शिकले. पुढे त्याच शास्त्राच्या आधारानं अस्पृश्यतेच्या विरोधात उभे राहिले, नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे गेले. मत बदलणं म्हणजे वाऱ्यावरची वरात असं आपण समजतो. अभ्यासानं, कारण दाखवून, उघडपणे मत बदलणारा माणूस आपल्याच गावात राहत होता.

आता यंत्राबद्दल थोडं. तुमच्या फोनवर एक गाणं संपलं की दुसरं लागतं आणि ते बहुतेक वेळा आवडतं. हे कसं होतं ते सांगते, त्यात जादू नाही. एक प्रचंड मोठा तक्ता समजा. उभ्या बाजूला माणसं, आडव्या बाजूला गाणी. कुणी काय ऐकलं याच्या खुणा. तुमच्यासारख्या खुणा असलेली माणसं शोधायची, त्यांनी ऐकलेलं पण तुम्ही न ऐकलेलं तुमच्यापुढे ठेवायचं. मूळ कल्पना एवढीच. नेटफ्लिक्स कंपनीने २००६ मध्ये असा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, आणि २००९ मध्ये ते एका गटानं जिंकलंही. हे काम अवघड आहे, हुशारीचं आहे, आणि मला त्याबद्दल आदर आहे.

पण त्या मूळ तक्त्यात ‘का’ हा रकाना नाही. तोडी तुम्हाला कोमल गंधारामुळे आवडली, की ती लागली तेव्हा बाहेर पाऊस होता म्हणून, हे त्या खुणेत उमटत नाही. आणि ज्याचा गंधसुद्धा तुम्हाला आज नाही, ते तुमच्यापुढे ठेवण्यात त्या यंत्राचा फायदा कमी. तुम्ही बंद करून निघून जाल. शाळेचं नेमकं उलट असतं. आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टी शाळेनं सातत्यानं आपल्यापुढे ठेवल्या. संस्कृतची रूपं, दोरीचा मल्लखांब, भूमितीची प्रमेयं. त्या सक्तीनं काहींना गणिताची कायमची धास्ती बसली, हेही खरं. ते झाकून मला सक्तीचे गोडवे गायचे नाहीत. पण कुणीतरी आपल्याला न आवडणारं आपल्यापुढे ठेवावं आणि थोडा काळ ठेवत राहावं, शेजारी बसून ‘काय दिसलं?’ असं विचारावं, ही गोष्ट अजून तरी माणूसच नीट करतो.

भाचीला मी शेवटी तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, जो विषय आवडत नाही असं वाटतंय, त्याचं निदान एक प्रकरण स्वतः सोडवून पाहा आणि मग नाही म्हण. दुसरी, एआय घेणार असशील तर का, आणि घेणार नसशील तर का, हे पाच ओळींत लिही. आणि सहाव्या ओळीत लिही, काय दिसलं तर मी हा निर्णय बदलेन. ती सहावी ओळ लिहिता आली नाही, तर ते मत तुझं नाही, कुणीतरी ठेवायला दिलेलं आहे. तिसरी, गुण, नोकरी आणि फोटो यांतलं काहीही जिच्यातून मिळणार नाही अशी एक तरी आवड सांभाळ. तिने काय निवडलं ते मी इथे सांगत नाही, कारण ते सांगितलं की तुम्ही निवडीवर बोलाल. सहावी ओळ तिने लिहिली, यात मला समाधान आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि इथे मी थोडी वादात पडणार आहे. आपल्या तुकडीनं शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर तीन आठवडे चर्चा चालू आहे. बहुतेकांचा कल सगळ्या वर्गांत डिजिटल फळे बसवण्याकडे आहे. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणजे मी त्याच बाजूला असणार असं गृहीत धरून दोघांनी माझं नाव यादीत घातलंही आहे. माझं मत वेगळं आहे, आणि बाई समोर असताना कारण न देता सांगायची माझी हिंमत नाही.

माझं म्हणणं, निम्मे पैसे ग्रंथालयाला द्यावेत. कुठे? पुस्तकांच्या कपाटांना. आपल्या वेळी ती काचेची, कुलूपबंद होती आणि पुस्तक हवं तर नाव लिहून द्यावं लागायचं. नाव माहीत नसलेलं पुस्तक मागणार कसं? उघडी, हात पोहोचेल अशी मांडणी हवी, पाचवीच्या मुलाच्या उंचीची. दरवर्षी नवी पुस्तकं घ्यायला एक ठेव हवी, म्हणजे एकदाच फोटो काढून काम संपणार नाही. आणि आठवड्यातून एक तास असा, ज्यात मुलांनी काहीही उचलून वाचावं, आणि शेवटी एकमेकांना फक्त दोन प्रश्न विचारावेत, कुठे आवडलं आणि का.

का? कारण फळ्यावर जे दिसेल ते मुलांच्या खिशातल्या फोनवरही दिसणार आहे. पण शेजारी बसून ‘कुठे?’ असं विचारणारं कुणी तिथे नसेल. आणि ज्या गावात विश्वकोश तयार झाला, त्या गावातल्या शाळेत पुस्तक कुलपाबाहेर असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

माझी सहावी ओळही सांगते. आज इथे जे शिक्षक रोज वर्गात उभे राहतात, त्यांनी सांगितलं की फळ्यांविना आमचं अमुक अडतंय, विज्ञानाचा अमुक भाग मुलांना दाखवताच येत नाही, तर मी माझं मत बदलेन आणि माझा वाटा फळ्यांना देईन. ते त्यांना माहीत आहे, मला नाही. जेवणानंतर या विषयावर बसायचं ठरलंय. तेव्हा आपण सगळ्यांनी फक्त अंगठे दाखवू नयेत, कारणं घेऊन यावं, एवढी विनंती.